चमचा खाली ठेवल्यावर

मास्तरणीच्या घरात जेवताना गप्प बसायची पद्धतच नव्हती. सासरे तर मुद्दाम सगळ्यांच्या तोंडात घास असतानाच किस्सा रंगात आणायचे. ती स्वतःच्या शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायची म्हणून गिऱ्हाइकं तिला मास्तरीण म्हणत. घरातही तेच नाव पडलं.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. पाय अडखळायचे, ते तिने कधी फारसं मनावर घेतलं नाही. पण अलीकडे घास घशात अडायला लागला. एकदा सासऱ्यांच्या किश्शावर हसता हसता असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. बिचारे म्हातारे पानावरून उठूनच गेले. तेव्हापासून तिने सोपा मार्ग काढला. घरी सांगायचं, दुकानात जेवले. दुकानात सांगायचं, घरून खाऊन आले. घ्या! दोन्हीकडे थापा आणि पोटात कावळे.

मग एका सकाळी जाड कापडावर कात्री मिटेना. दोन्ही हात लावले तरी मिटेना.

"संपलं," ती नवऱ्याला म्हणाली. "आजाराने हात नेला. दुकान बंद करू या."

ठसक्याची काळजी होतीच, म्हणून नवरा तिला गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी आधी वजन केलं आणि विचारलं, "जेवता कुठे?"

"दुकानात," नवरा म्हणाला. मास्तरणीला रडूच फुटलं. सगळं बाहेर आलं.

"आजार आहेच," बाई म्हणाल्या, "पण सगळं त्याच्या माथी मारू नका. उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू खातं. हाताचे खातं, गिळायचेही खातं. वजन आणखी उतरलं तर पोटात नळी बसवावी लागेल. त्यात वाईट काही नाही, पण नको असेल तर खायला लागा. पाठ ताठ, हनुवटी खाली, घास लहान, पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून. मोठं जेवण सकाळी, अंगात जोर असताना. आणि तोंडात घास असताना बोलणं नाही, हसणं नाही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून घर मुकं. सासरे खाली मान घालून बसायचे, नवरा वाटीकडे बघत बसायचा. त्या शांततेत मास्तरणीच्या घशाखाली काही उतरेना. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं फिरलं.

"घरात कुणी गेलंय का?"

"मी तोंड उघडलं आणि तुला काही झालं तर?" सासरे म्हणाले.

"माझ्या हातात चमचा असेपर्यंत गप्प बसा. चमचा खाली ठेवला की बोला. पण मला जेवायचंय ते तुमच्यासोबतच."

महिनाभर ती हट्टाने जेवली. कुस्करलेला बटाटा, त्यात लोणी, वर दाट सूप. काही दिवस अर्धी वाटी राहायची, काही दिवस ठसका लागायचा. ती थांबायची, पुन्हा हनुवटी खाली घ्यायची. वजनाचा काटा आधी थांबला, मग जरा वर सरकला.

एका सकाळी सासऱ्यांनी किस्सा सुरू केला आणि ऐन रंगात आल्यावर तिने चमचा उचलला. म्हातारा कासावीस. तीही कमी नाही, एकेक घास मुद्दाम सावकाश गिळत राहिली. पहिल्यांदाच वाटीचा तळ दिसला. तिने चमचा खाली ठेवला.

"हं, बोला. पुढे काय झालं?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं, मिटलं. "शेवट विसरलो की गं!"

सगळ्यात जोरात मास्तरीण हसली, रिकाम्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग उठून दुकानात गेली, तेच जाड कापड टेबलावर पसरलं आणि कात्री लावली. मधे दोनदा दम खावा लागला, पण कात्री मिटत गेली.