ठकूबाईचं सोंग

परतूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची नोंद करणारा नरहर दिवसभर खाली मान घालून काम करी. पण एकदा तोंडाला रंग लागला की तोच माणूस अख्ख्या गावाला हसवून लोळवी. चौपन्न सालच्या गणपतीत त्यानं स्वतः लिहिलेला फार्स झाला. त्यात तो ठकूबाई झाला होता. ठकूबाईचा नवरा परागंदा झालेला. ती रोज फडक्यात भाकरी बांधून ठेसनावर जाते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला आडवी जाऊन विचारते, "आमचे हे दिसले का हो?" शेवटी नवरा येतो तो साहेबी टोपी घालून, दुसरी बायको बरोबर घेऊन. मग ठकूबाई केरसुणी उचलते, आणि मांडवात कुणाला श्वास घ्यायची सोय राहत नाही.

खेळ संपवून नरहर खुशीत घरी आला. बायको, उमा, चुलीपुढं गप्प बसली होती.

"काय गं, आवडला न्हाई का?"

"साळूबाई आल्ती," उमा म्हणाली. "माझ्या पुढंच बसली होती. बाया आधी हसून राह्यल्या, मंग तिच्याकडं बघायला लागल्या."

नरहर गालावरचा रंग पुसता पुसता थांबला.

साळूबाईचा नवरा कचरू जिनिंगमध्येच कामाला होता. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, रझाकारांचा धुमाकूळ चालू असताना, तो कुणाला न सांगता निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, कॅम्पातली माणसं गळ्यात हार घालून गाडीतून उतरली. कचरू उतरला नाही. तेव्हापासून साळूबाई संध्याकाळच्या गाडीला ठेसनावर जायची. जिनिंगच्या फाटकावरून नरहरला ती रोज दिसे. एक खांदा पुढं काढून चालणं, कपाळावर आडवा हात धरून डबे न्याहाळणं. तिची नक्कल करायची असं त्यानं ठरवलं नव्हतं. तालमीत पाय आपसूक तसे पडले, पोरं खदखदून हसली, आणि त्यानं ते ठेवून दिलं. तेव्हा आपण काय उचललं हे त्याला कळलं नव्हतं, असं मात्र त्याला म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई फाटकाशी उभी होती. आता चारचौघांत शिव्या खायच्या, अशी मनाची तयारी करून नरहर बाहेर गेला.

"नरहरराव, काल तुम्ही मलाच केलं न्हाई का?"

"चुकलं माझं, साळूबाई. मी तो खेळ..."

"जालन्याला करणार हाये म्हणं तुम्ही तो."

"न्हाई करत. बिलकुल न्हाई."

"करा," ती म्हणाली. "पण त्याचं नाव घ्या त्यात. कचरू पुंजाराम म्हणा. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धंच हाये म्हणा, मशिनीत गेल्तं. हसताना तोंडावर तोच हात धरायचा, ते बी सांगा."

नरहरनं आपल्यामागं फाटक ओढून घेतलं.

"मी तहसिलीत विचारलं," ती म्हणाली. "कॅम्पातल्या मान्सांला विचारलं. एकेकाला धरून कितीजणांला विचारणार? काल पाह्यलं, एवढे लोक एका जागी बसून कान देऊन ऐकून राह्यले. तसं मला कोन ऐकतं?"

नाटकमंडळी चालवणारा गजानन, जो फार्सात नवरा व्हायचा, हे ऐकून उखडला. "अरे, तो मेला असंल. मेलेल्या मान्साचं नाव घेऊन लोकांला हसवायचं?" पण नरहर हट्टाला पेटला. तालमीत त्यानं ती वाक्यं पहिल्यांदा म्हटली आणि अर्ध्या बोटाशी सगळे हसत सुटले. गजाननसुद्धा हसला. मग ओशाळून दुसरीकडं बघत म्हणाला, "जागा चांगलीये. राहू दे."

जालन्याला स्पर्धेचे खेळ एका टॉकीजमध्ये दुपारचे होते. उकाडा इतका, की पत्र्याची सगळी दारं उघडी टाकलेली, आणि त्या उजेडात रंगमंचावरून माणूस न् माणूस दिसत होता. साळूबाई मंडळींबरोबरच गाडीनं आली होती. ती बायकांच्या बाजूला अगदी पुढं बसली. पडदा वर गेला तेव्हा नरहरनं पाहिलं, ती रंगमंचाकडं पाठ करून बसली आहे. मागची बाई तिला म्हणत होती, "अहो, तिकडं बघा ना," पण ती लोकांच्या तोंडाकडं बघत होती.

नरहरला तिचा अंबाडा दिसत होता आणि त्यापलीकडं हसणारी सारी टॉकीज.

मग कचरूच्या नावाची वाक्यं आली. या वेळी त्यानं हेल काढला नाही, डोळे मिचकावले नाहीत. सरळ, सावकाश म्हणाला, "कचरू पुंजाराम नाव हाये. उजव्या हाताचं बोट अर्धं. हसताना तोंडावर हात धरतात. दिसले का हो?"

लोक आणखीच हसले. एवढी सोंगाडी बाई एकाएकी गंभीर झाली, याचीच त्यांना गंमत वाटली. मागल्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "उरलेलं बोट कुठं ठेवलं, ठकूबाई?" परत हशा.

तेवढ्यात साळूबाई उठली. बाकांच्या मधल्या वाटेनं ती सरळ मागं गेली आणि पुरुषांच्या बाजूला एका फेटेवाल्यापाशी थांबली. सगळे हसत असताना तो एकटा खाली बघत बसला होता. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं वर पाहिलं, मग उठला, आणि दोघं बाजूच्या दारानं बाहेर गेली.

इकडं गजानन टोपी घालून आत आला होता. नवरा परत आला! नरहरला आनंदानं नाचायचं होतं, मग सवत बघून किंचाळायचं होतं. तो नाचला, किंचाळला. केरसुणी हातात आली तेव्हा त्यानं गजाननला असं झोडपलं की गजानन हळूच कळवळला, "अरे, खरंच लागून राह्यलं!" लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पडदा पडताच नरहर लुगड्यावरच बाहेर धावला. मागच्या भिंतीला टेकून साळूबाई उकिडवी बसली होती. तिच्यासमोर तो फेटेवाला होता, जाफराबादकडचा कडूबा. नरहरला बघताच तो बोलता बोलता थांबला.

"सांगा," साळूबाई म्हणाली. "त्यांच्यासमोर सांगा."

"कॅम्पात कुनी खरं नाव सांगत नसे," कडूबा म्हणाला. "घरच्यांला तरास होईल म्हणून. आम्ही त्याला हसऱ्या म्हणायचो. नावानं मला काही कळलं न्हाई. बोटावरून कळलं, अन् तो तोंडावरचा हात..." त्यानं नाक पुसलं. "निजामाचा जकात नाका जाळायला गेल्तो आम्ही. परत येताना नाल्यात गोळी लागली. तिथंच शेतात तुराट्या गोळा करून जाळलं. जल्दी निघावं लागलं. कुठं कळवायचं, तेच माहीत नव्हतं."

"लई वेळ जीव होता का?"

"न्हाई, बाई. लगेच गेला." कडूबानं हे जरा जास्तच पटकन सांगितलं, आणि साळूबाईच्याही ते ध्यानात आलं असावं. तिनं पुढं विचारलं नाही. आतून टाळ्यांचा आवाज आला. दुसऱ्या मंडळींचा खेळ सुरू झाला होता. नरहर बायकी वेषात, गालावर लाली घेऊन तिच्याशेजारी खाली बसला. रस्त्यानं जाणारे बघून हसत होते.

फार्साला दुसरा नंबर मिळाला. परतीच्या गाडीत कुणी तो विषय काढला नाही. साळूबाई खिडकीशी बसली होती. परतूर आलं तसं तिनं कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरली.

नरहरनं पुन्हा ठकूबाई केली नाही. गजानननं दुसरा माणूस उभा केला, ती वाक्यं काढून टाकली, आणि खेळ गावोगाव चालू राहिले. लोक हसायचे. बाजारात कुणी नरहरला म्हणे, "ठकूबाई करून दाखवा ना जरा," की तो बाजूच्या गल्लीत वळे. एक गंभीर नाटक लिहावं म्हणून तो बरेच दिवस बसला. पण त्यातला माणूस मरायला लागला की नरहरच्या कानात हशा सुरू व्हायचा.

दिवाळीनंतर साळूबाई सरकी निवडायच्या कामावर जिनिंगमध्ये लागली. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत नरहर तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "साळूबाई, माझ्यावर राग हाये का तुमचा?"

तिनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही ते सोंग केलं नसतं तर मला कळलंच नसतं," ती म्हणाली. "मी आज बी ठेसनावर गेले असते."

एवढं बोलून ती सरकीच्या ढिगाकडं गेली. ती आभार मानत होती की दोष देत होती, हे नरहरला कळेना. मागं जाऊन विचारावं असं त्याला वाटलं. पण बाया कामाला बसल्या होत्या आणि मशीन सुरू झालं होतं.

घरी उमानं विचारलं, "बोलली का साळूबाई?"

"बोलली."

"काय म्हणाली?"

नरहरनं हात धुतले, ताटावर बसला, आणि तिनं पुन्हा विचारलं तरी त्याला ते वाक्य म्हणून दाखवता आलं नाही. कोणत्या सुरात म्हणायचं, तेच त्याला ठरवता येत नव्हतं.