अकरावा दाणा

कारकुनाने टाक दौतीत बुडवला आणि पुन्हा विचारलं, की ज्या शब्दासाठी आपल्याला शहरातून इतक्या लांब धाडलं, त्याचा नेमका अर्थ तरी काय.

समोरच्या बाकावर आई बसली होती, मांडीवर खसखशीची पुरचुंडी. तिचा थोरला, लाकूडतोड्या, रक्त ओकत गेला त्याला दीड महिना झाला होता. आता धाकटी तशीच खोकत होती.

अर्थ सांगायला सगळं गाव पुढे. सुतार म्हणाला, मेलेला उठून रक्त पितो तो व्हॅम्पायर. दाईने त्याला मध्येच तोडलं. वाटेल त्याचं नाही पीत, म्हणाली. आधी स्वतःच्याच घरी येतो, ज्याच्यावर जास्त जीव त्याच्या उशाशी बसतो. शब्द आला कुठून, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेला, इतकंच. कारकुनाने ‘मूळ’पुढची जागा कोरी ठेवली.

उपाय दोन होते. उकरून छातीत खुंटी ठोकायची, नाहीतर थडग्यावर खसखस पसरायची. दाणा न् दाणा मोजल्याशिवाय त्याला पाऊल उचलता येत नाही. मोजता मोजता उजाडतं. आईने खसखशीचा उपाय मागून घेतला होता.

“त्याला मोजता कुठं येत होतं?” सुतार म्हणाला. “ओंडके मोजायला बहीण लागायची. दहाच्या पुढं गेला की भुलायचा. असला कसला मोजतोय, कंटाळून सरळ घरी येईल.”

जमावात खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, खुंटी तासायला घ्या.

“येत होतं,” आई म्हणाली. “शंभरापर्यंत. मीच शिकवलं.”

आजवर जन्मात ती खोटं बोलली नव्हती. कारकुनाने तिच्या मांडीवरच्या पुरचुंडीकडे पाहिलं आणि लिहिलं: मयतास मोजता येत असे. मग आठ दिवसांची मुदत ठरली. तोवर मुलीला उतार पडला नाही, तर खुंटी.

घरी धाकटीने सगळं ऐकलं. हसली, हसता हसता खोकली, तोंडाशी फडकं धरलं. आईने फडक्याकडे पाहिलं नाही. मग पोरीने पुरचुंडी सोडली आणि बोटाच्या टोकाने एकेक दाणा वेगळा काढू लागली, भावाला शिकवताना गायची तेच गुणगुणत: एकाची चिमणी, दोनाचे पंख, तिनाचं घरटं गं...

गाणं दहालाच संपायचं.

“एवढेच ने, आई. तेवढे मोजून येईल तो.”

“आणि तू?”

“मला जायचंच आहे. निदान सोबत तरी होईल.”

आईने ते दहा दाणे दुसऱ्या फडक्यात बांधले. दाराशी जाऊन ती परत वळली, पोरीचं पांघरूण नीट केलं, आणि निघाली.

थडग्यावरची माती अजून बसली नव्हती. तिने हाताने ती सारखी केली, जशी अंथरुणाची सुरकुती काढावी, आणि दहा दाणे ओळीने मांडले. ऊन पार उतरेपर्यंत ती तिथेच बसून होती.

शेवटी तिने नखाच्या कपारीत दडवून आणलेला एक दाणा काढला आणि ओळीच्या टोकाला ठेवला.

“माफ कर रे, राजा,” ती म्हणाली.

अकराव्याचं गाणं नव्हतं.