गाडी गरम होईस्तोवर

दामूने नव्या गाडीच्या टाकीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

"कर सुरू," तो म्हणाला.

सुकन्याने चावी फिरवली, आतून बारीक घूं असा आवाज आला, आणि बटण दाबताच गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. चोक नाही, किक नाही, शिव्या नाहीत. सुकन्याला हसू आवरेना. काल संध्याकाळी शोरूमच्या माणसाने आणून दिल्यापासून तिने ही गाडी चौदा वेळा तरी चालू करून लगेच बंद केली होती, आणि दर वेळी तिला असंच हसू फुटलं होतं. हँडलला कालचा झेंडूचा हार तसाच होता.

भिवंडीतल्या कामतघरच्या चाळीत सकाळी सात-साडेसातला एवढी माणसं एकत्र दिसायची ती फक्त पाण्याचा टँकर आला की. आज टँकर नव्हता, तरी सगळे बाहेर. सुकन्याची आई पार्वती डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती. शेजारचा नवशा रिक्षावाला तोंडात ब्रश धरून गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला होता. जानेवारीची थंडी होती, मागच्या शेडमधले यंत्रमाग रात्रपाळीपासून धडधडत होते, आणि सुकन्याचा जीव घड्याळात अडकला होता.

राहनाळच्या गोदामात दोन वर्षं खोकी भरल्यावर आज ती सुपरवायझर म्हणून उभी राहणार होती. हाताखाली बारा माणसं. साहेबांनी परवाच बजावलं होतं, आठच्या ठोक्याला सुपरवायझरच लाइनवर नसेल तर मी तिथे दुसरं माणूस उभं करीन. ट्रॅफिक धरून साडेसातला निघालं तर जमणार होतं. सगळं तयार होतं, फक्त दामूने अजून 'जा' म्हटलं नव्हतं.

घरात नवं यंत्र आलं की दामूने ते ऐकून पास केल्याशिवाय कोणी वापरायचं नाही, हा या घरचा रिवाज. मिक्सरसुद्धा त्यातून सुटला नव्हता. आणि त्याला कोणी हसतही नसे. तीस वर्षं त्याने शेडमध्ये जॉबरचं काम केलं होतं, बिघडलेले माग दुरुस्त केले होते. चाळीस मागांमधला कुठला आजारी आहे ते दामू दारातून सांगतो, अशी त्याची ख्याती. त्याची जुनी कार्ब्युरेटरची गाडी तर चाळीचं घड्याळच होती. सकाळी चोक ओढायचा, चार किका मारायच्या, मग दहा मिनिटं टाकीवर हात ठेवून बसायचं आणि पेचकसाने स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करत रेस बसवायची. गाडी अशी थरथरायची की खिडकीतल्या वाट्या वाजायच्या. दिवाळीत ती त्याने गावाकडच्या राघोला देऊन टाकली आणि आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही.

दामूने डोळे उघडले. नवशा त्याच्या समोर येऊन उभा राहिला आणि तोंडातला ब्रश काढून म्हणाला, "दामूदादा, रेस जास्त वाटते हिची."

दामूने क्षणभर त्याच्याकडे बघितलं.

"वाढलीच हाय. मला कवाच कळलं," तो म्हणाला. "पार्वते, पेचकस आण."

सुकन्या पुढे सरकली. "बाबा, नको. थंडीत ती मुद्दाम जास्त चालते. इंजिन गरम झालं की स्वतःच उतरते, आत कंप्युटर असतो. शोरूमवाल्याने सांगितलंय, स्क्रूला हात लावलात तर गाडी परत आमच्याकडेच आणायला लागेल."

दामूने मान वरही केली नाही. तो उकिडवा बसून टाकीखाली स्क्रू शोधत होता.

"त्यांनी कवा कुनाचं ऐकलंय का?" पार्वती म्हणाली, पण पेचकस तिने दिला. या घरात असंच चालायचं.

पेचकसाचं टोक आत शिरलं तेव्हा सुकन्याने बापाचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच. पार्वतीने तोंडावर हात ठेवला. दामूने चकित होऊन वर पाहिलं.

"दोन मिनिटं थांबा," सुकन्या म्हणाली. तिचाच आवाज तिला नवा वाटत होता, आणि खरं सांगायचं तर आवडतही होता. "नाही उतरली तर मी रिक्षाने जाते, मग तुम्ही हवं ते फिरवा. उतरली तर मी हिच्यावरून निघते."

"आपोआप उतरंल?"

"आपोआप."

दामूने पेचकस खिशात घातला आणि तळहात पुन्हा टाकीवर टेकवला. "ठीक हाय. पन उतरली का न्हाय ते मी सांगनार. कान माझा हाय."

"तुम्हीच सांगा."

"माझी रिक्षा पन तयारच हाय," नवशाने जाहीर केलं, आणि सगळे हसले. सुकन्या हसली नाही. नवशाची रिक्षा नाक्यावर तीन सीट भरल्याशिवाय हलत नाही, हे भिवंडीत कोणाला सांगायला नको.

सात सव्वीस. गाडी चढ्या आवाजात चालत होती. आता कुठे सुकन्याच्या लक्षात आलं की चौदा वेळा चालू करून एकदाही तिने ती मिनिटभर चालू ठेवली नव्हती. शोरूमवाला म्हणाला म्हणून तिने मानलं होतं, तेवढंच. सात सत्तावीस. उतर ना गं बाई, ती मनात म्हणत होती. बारा माणसं वाट बघतायत.

मग आवाजातली घाई कमी होऊ लागली. एकदम नाही, हळूहळू. आधी तिला भास वाटला. मग आणखी खाली, आणि तिथे गाडी शांत, सारखी चालत राहिली. सुकन्याला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली. तिने बापाकडे बघितलं.

दामू तसाच बसला होता, कपाळाला आठ्या घालून. चाळ गाडीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. नवशाच्या भुवया वर गेल्या होत्या, म्हणजे त्यालाही कळलं होतं, पण दामूच्या आधी बोलायची त्याची काय बिशाद.

सात अठ्ठावीस. दामू काही बोलेना. मुद्दाम करतायत, असं वाटून सुकन्याला संताप आला. माझा पहिला दिवस आहे आणि यांना आपलंच खरं करायचंय.

दामूने हात टाकीवरून उचलून इंजिनाजवळ नेला. मग हँडलवर ठेवला. मग पायजम्याला पुसून पुन्हा टाकीवर टेकवला, या वेळी बोटं फाकवून. लाइट गेल्यावर माणूस भिंतीवर काडेपेटी चाचपतो तसा तो त्या गुळगुळीत पत्र्यावर काहीतरी शोधत होता. जुनी गाडी कोपरापर्यंत थरथरायची. ही काहीच सांगत नव्हती. मग त्याने हळूच नजर वर केली. गाडीकडे नाही. सुकन्याच्या तोंडाकडे.

तिला कळलं. पाठीमागून मारलेल्या, त्याने ओ न दिलेल्या हाका, भलत्याच प्रश्नाला दिलेली उत्तरं, टीव्हीच्या आवाजावरून रोजची भांडणं, सगळं एका क्षणात कळलं. तीस वर्षं त्या धडधडाटात काढलेला माणूस. संताप कुठल्या कुठे गेला आणि तिला रडू यायला लागलं, पण रडायची ही वेळ नव्हती.

'उतरली' असं ती मोठ्याने म्हणाली असती तर चाळीसमोर त्याचा कान गेला असता. तिने हात ओढणीच्या आडोशाला, फक्त त्यालाच दिसेल असा धरला आणि पालथा तळवा सावकाश खाली आणला, दोनदा. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही म्हणून माणसं हातांनीच बोलतात. लहानपणी त्याचा डबा घेऊन जाताना ती ते सगळं शिकली होती. माग शांत झाला, नीट चाललाय, एवढाच त्या खुणेचा अर्थ.

दामू त्या हाताकडे बघत राहिला. मग उठून उभा राहिला.

"उतरली," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "ऐकलं का रे नवशा? स्क्रू न्हाय, काय न्हाय, आपोआप उतरली. लई भारी चीज हाय."

"मी तेच म्हननार होतो," नवशा म्हणाला.

"तू जा, रिक्षा धू."

एकच कल्ला झाला. कोणी हार सारखा केला, कोणी काच पुसली, पार्वतीने डबा हँडलला अडकवला आणि गाडीला नमस्कार केला. दामूने स्वतः गाडी स्टँडवरून उतरवली. सुकन्याने तोंड झाकणारं ते नवं हेल्मेट घातलं आणि दामूने तिच्या हनुवटीखाली पट्टा बांधला. बांधता बांधता तो वाकला आणि इतक्या हळू बोलला, की मागांच्या धडधडाटात तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"सांजंला आलीस की सांग मला, कशी पळते ती."

"सांगते," ती हेल्मेटमधून म्हणाली.

तो तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला. उत्तराची वाट बघत.

साडेसात वाजून गेले होते. सुकन्याने बांधलेला पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, त्याच्याकडे नीट तोंड केलं आणि सावकाश म्हणाली, "समोर बसून सांगते, बाबा."