डोळे मिटून

लांब्या उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागतो. पण बारा-बारा मीटरचे लोखंडी बीम तोच ट्रेलरवरून नेतो, म्हणून यार्डात त्याचं नाव लांब्या. वीस वर्षं त्याचा माल मीच बांधला. शेवटचा पट्टा आवळून झाला की तो केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि विचारायचा, "डोळे मिटून जाऊ?" मी म्हणायचो, "जा." तेवढ्यावर, मला शेजारी बसवून, तो निघायचा. खाली उतरून मालाभोवती एक फेरी मारावी, असं त्याच्या कधी मनातही आलं नाही. माझ्या बायकोचाही माझ्यावर इतका विश्वास नाही. मी लावलेलं कुलूप ती पुन्हा ओढून बघते.

मग माझा खांदा निखळला आणि मी तीन आठवडे घरी बसलो. तेवढे दिवस लांब्याचा माल माझ्या धाकट्या भावानं बांधला. त्याला यार्डात चिकटवला मी, पट्टा कसा धरायचा ते शिकवलं मी. परत कामावर गेलो, तर लांब्या म्हणाला, "तू आता जरा दमानं घे. धाकट्याचा हात चांगला बसलाय."

दमानं घे! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो हे प्रेमानं बोलला होता, ते कळत होतं, म्हणून जास्तच झोंबल्या. त्या दिवसापासून धाकट्याचं काहीच मला बघवेना. त्याची शीळ, त्याचे नवे हातमोजे, "हो काका, लगेच काका" असं लांब्याच्या पुढंपुढं करणं. घरी बायकोनं "भावजी किती मन लावून काम करतात" म्हटलं, तर मी भरल्या ताटावरून उठलो.

त्या सकाळी बीमचे तीन थर चढले होते. मधे लाकडी ठोकळे, वरून सहा पट्टे. काम नेटकं होतं, खोट काढायला जागा नव्हती. तरी मी खोट काढायलाच ट्रेलरच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेलो. आणि सापडली. बीमच्या धारेवर पट्टा कापू नये म्हणून खाली जाड रबर घालतात. तिसऱ्या पट्ट्याचं रबर आवळताना सरकून खाली पडलं होतं. पट्टा उघड्या धारेवर ताणलेला होता.

तेवढ्यात पलीकडून लांब्याचा आवाज आला. "डोळे मिटून जाऊ?"

माझा प्रश्न. माझ्या भावाला.

"खुशाल जा, काका," धाकटा हसत म्हणाला आणि केबिनमध्ये चढला, माझ्या जागेवर.

मी मूग गिळून गप्प बसलो. मला काय हवं होतं, ते सांगतो. वाटेत पट्टा विरावा, धाकट्याला चार शिव्या बसाव्यात आणि लांब्यानं माझ्याकडे परत यावं. उरलेले पाच पट्टे माल धरून ठेवतील, असं मी स्वतःला बजावलं. कुणाचा जीव जावा असं मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

वजनकाट्यावरचा कारकून चहा ओतत म्हणाला, "आता पुलाजवळ थांबून पट्टे आवळतील, नाही का?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. पाच किलोमीटर गेलं की माल बसतो, पट्टे सैल पडतात. मग बांधणाऱ्यानं उतरून ते पुन्हा आवळायचे. त्यासाठीच तर धाकटा बरोबर गेला होता. तो त्या पट्ट्याखाली उभा राहणार, आवळायचा दांडा ओढणार, अर्धा कापलेला पट्टा तुटणार आणि वरचा बीम थेट त्याच्या अंगावर येणार.

कारकुनाची स्कूटर मी न विचारताच उचलली.

पुलाजवळ ट्रेलर उभा होता. धाकट्यानं दांड्यावर हात ठेवला होता.

"हात काढ! तिसरा! बाजूला हो!"

तो उडी मारून मागे सरला. लांब्याही खाली उतरला. आम्ही तिघांनी वर बघितलं. पट्ट्याचे धागे सुटले होते, बोटभर रुंदी तेवढी शिल्लक होती. आम्ही आधी त्याच्या शेजारी नवा पट्टा टाकला, खाली रबर घातलं, मगच जुना सोडला. माझा खांदा ठणकत होता.

लांब्यानं तो विरलेला पट्टा हातात घेतला. "तुला तिथून कसं कळलं रे, तिसराच म्हणून?"



"मीच दादाला म्हटलं होतं," धाकटा घाईघाईनं बोलला. "मागून येऊन एकदा नजर टाक म्हणून."

त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. कान लाल होतात. माझ्यासाठी बोलला तेव्हाही झाले.

लांब्यानं त्याचे कान बघितले, मग माझ्याकडे बघितलं. पट्टा खाली ठेवला आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकापासून चालायला लागला. प्रत्येक पट्ट्यावर हात ठेवून दाबला, प्रत्येक रबर वाकून बघितलं, मी आत्ताच घातलेलंसुद्धा. तसाच पलीकडच्या बाजूनं परत आला. आम्ही दोघं भाऊ रस्त्याच्या कडेला उभे होतो.

तो केबिनमध्ये चढला, गाडी सुरू केली. मी खिडकीकडे बघत राहिलो. काच खाली आली नाही.