सोनाबाईच्या लुगड्याचा निळा

पोशीरला गोकुळाष्टमीच्या कीर्तनात बुवांच्या गळ्यात हार घालायचा मान कृष्णाचा बॅनर आणणाऱ्याचा. तो मान पोपट तीन वर्षं मिरवत होता. गेल्या वर्षी मात्र मोबाइलवर निळाशार दिसणारा कृष्ण छापून आला तो जांभळा, तुकतुकीत, भरताच्या वांग्यागत. बुवा मेघश्यामाच्या रूपाचं निरूपण करत होते आणि मागून पोरं ओरडली, "देठ कुठं हाय?" पोपटचे टाळ जागीच थिजले. यंदा मंडळींनी बजावलं, पुन्हा वांगं आलं तर हार दशरथ घालील.

दशरथ! पहिल्या अभंगालाच ज्याची मान छातीवर पडते, तो!

म्हणून पोपटने कर्जतला छायाचं छपाईचं दुकान गाठलं. मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "पोरी, असाच निळा पायजे."

"काका, हा निळा शाईत मावत नाय."

"देव कशात मावत नाय, ते ठावं हाय. रंगाला काय झालं?"

छाया हसली. "मोबाइलचा रंग उजेडाचा. तांबडा, हिरवा, निळा उजेड मिसळून होतो, त्याला आरजीबी म्हणतात. माझं मशीन चार शाया मिसळतं, ते सीएमवायके. उजेडातला झगझगीत निळा शाईला गाठता येत नाय, मग ती जवळचा जांभळा धरते."

पोपटने मोबाइलचा उजेड आणखी वाढवला. "आता बघ!"

"आता तर अजूनच नाय! मी चित्र आधीच सीएमवायकेत घेते, म्हंजे फसगत नाय. तुमी फकस्त उजेड नसलेला निळा आणून दावा. फूल, कापड, काय पण."

गोकर्णीची फुलं पिशवीतच मलूल झाली. निळं पिंप रिक्षावाला घेईना. आणि दोरीवर पोपटला दिसलं सोनाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, ठेवणीतलं लुगडं. साक्षात मेघश्याम! लोणी चोरणारा देव एवढी चोरी पोटात घालील, म्हणत त्याने ते काखेत मारलं.

छायाने जांभळट झाक आणणारी मॅजेंटा शाई कमी करत करत तळहाताएवढे पाच तुकडे छापले. पाचवा लुगड्यावर ठेवला, तर शोधूनही सापडेना.

"हाच माझा देव!" पोपट ओरडला. सांजेला लुगडं गुपचूप दोरीवर परत गेलं.

अष्टमीला दहा फुटी कृष्ण उभा राहिला. बुवांनी "वा!" म्हटलं, पोपटने हार घातला, दशरथ आधीच पेंगत होता. एवढ्यात सोनाबाई तेच लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, आरतीचं ताट धरून बॅनरपुढं उभी राहिली. झालं! बाई दिसेनाशीच झाली. कृष्णाच्या पोटावर नुसतं एक तोंड, दोन हात आणि ताट.

"अगं बया, समदी माज्याकडं काय बघताय?" तोंड म्हणालं.

बुवांनी टाळ थांबवायची खूण केली. "मंडळी, देवात विरघळा म्हणून आम्ही रात्रंदिवस घसा फोडतो. ही माउली ताटासकट विरघळली!"

देऊळ हसून हसून आडवं झालं. दशरथसुद्धा जागा झाला.

सोनाबाईने पदर नाकाशी नेला, हुंगला. "अवं, माज्या लुगड्याला शाईचा वास कसा वं येतो?"

पोपटने डोळे मिटून टाळ असे काही वाजवले, की गावाला वाटलं, याला आज देव दिसला.