डावा पाय

माझा डावा पाय माझ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. सुरगाण्याकडच्या आमच्या गावात कुणाच्या कमरेत चमक भरली की लोक दारात येऊन विचारायचे, "पायाळी हाय का घरात?" मोहिनी आहे का, असं कुणी कधी विचारलं नाही. जन्मताना बाळाचे पाय आधी बाहेर आले तर ते पायाळू, आणि पायाळू माणसाने पाठीला डावा पाय लावला की चमक पळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी शाळेतून यायचे, दप्तर ठेवायचे, ओट्यावर पालथ्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीला तीनदा पाय लावायचे आणि लगेच त्याच्याच पाया पडायचे. मोठ्या माणसाला पाय लागला होता ना!

या पायाचा मला भयंकर राग यायचा. म्हणून तर नाशिकला येऊन मी सहा महिने मसाज थेरपीचा कोर्स केला. पोट भरायचं ते हाताने, पायाने नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. कॉलेज रोडला पल्लवी मॅडमचं सेंटर आहे. त्यांनी महिनाभर ट्रायलवर घेतलं. महिना संपला की ठेवायचं का घरी पाठवायचं, ते त्या ठरवणार होत्या.

तिसऱ्या आठवड्यात मीच माती खाल्ली.

सिंधुबाई नावाच्या आजी आल्या. मूळच्या नामपूरच्या, आता मुलाकडे नाशकात राहतात. मी पाऊण तास मन लावून त्यांची कंबर चोळली. शेवटी त्या म्हणाल्या, "लय बरं वाटलं पोरी, पण जराशी चमक राहिलीच." मला इतकं वाईट वाटलं की तोंडातून निघून गेलं, "आजी, मी पायाळू आहे."

"अगं भवाने, मग चोळत काय बसलीस? लाव पाय!"

मी दाराला कडी घातली आणि लावला. आजी उठल्या त्या हसतच. दोन दिवसांत त्यांच्या भजनी मंडळातल्या पाच जणींचे सेंटरला फोन आले. सगळ्यांना पाय हवा होता, हात कुणालाच नको होता.

आता मॅडम हाकलणार, असं मी धरूनच चालले होते. पण त्यांचे डोळे चमकले. "मोहिनी, हे अख्ख्या नाशकात कुणाकडे नाही! बाहेर बोर्ड लावू. शनिवारी सिंधुबाई परत येतायत, तेव्हा व्हिडिओ करू. आणि तुझ्या आईचाही एक मागव, तुझ्या जन्माची गोष्ट सांगणारा. शनिवार पार पडला की तू पर्मनंट."

नोकरी चालून आली होती आणि मला रडू येत होतं. का, ते कळेना. सहा महिने शिकले ते कुठे गेलं? पण लोकांना पायानेच बरं वाटत असेल तर कुरकुर करणारी मी कोण? डोक्याचा नुसता भुगा झाला. शनिवारी सकाळपर्यंत मी आईला फोन करायचं टाळलं.

"आई, मोबाईलसमोर बस आणि मी कशी जन्मले ते सांग."

पलीकडे आईने दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "खोटं नाय बोलायचं मला मोबाईलात."

"खोटं?"

"तू डोक्याकडूनच आलीस, बाय. तिसरी पण पोरच झाली. तुझी आजी दाराबाहेर बसलेली. चिमणाबाई सुईण मला म्हणाली, फुला, हिला अशीच बाहेर नेली तर म्हातारी दोघींना सुखाचा घास खाऊ द्यायची नाय. पायाळू म्हणून सांगू. मग गावच हिला सांभाळील."

"मग लोकांना बरं कसं वाटायचं गं?"

"मला काय ठाव? तू आधी हातानं चाचपायचीस, कुठं दुखतं ते. चांगली घटकाभर. मंग पाय लावायचीस."

आईवर ओरडावं की तिच्या गळ्यात पडावं, मला समजेना. ज्या पायाचा आयुष्यभर राग केला त्यानेच मला जगवलं होतं, आणि तो पाय साधा पायच होता. मी फोन ठेवला. काय बोलून ठेवला, तेही आठवत नाही.

अकरा वाजता सिंधुबाई टेबलावर पालथ्या झोपल्या. मी त्यांच्या पाठीवर पातळ टॉवेल टाकला. मॅडम कोपऱ्यात मोबाईल धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी खुणेने सांगितलं, कर सुरू. नुसता पाय उचलायचा होता. नोकरी पक्की. आजी खूष, मॅडम खूष, भजनी मंडळ खूष. माझा पाय काही उचलेना आणि खरं सांगायला जीभही उचलेना. काय करावं ते सुचेना म्हणून मी आपली चाचपायला लागले.

कमरेच्या डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागली. मागच्या वेळी ही माझ्या हातून सुटली होती. मी तळहाताचा खालचा भाग तिच्यावर ठेवला, अंगाचं वजन हळूहळू दिलं आणि थांबले. गाठ सैल होताना मला स्पष्ट कळली.

"हां!" सिंधुबाई उशीत तोंड खुपसूनच म्हणाल्या. "आला बघ पाय! पायाची सर कशाला नाय!"

मॅडम माझ्या हाताकडे बघत होत्या. मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय फरशीवर होते. मॅडमनी घाईघाईने बोट हलवून सांगितलं, आता लाव, आता लाव.

मी गाठीवरचा हात तिथेच ठेवला, दाब मात्र सोडला.

"आजी," मी म्हणाले, "हात आहे तो."

मॅडमनी मोबाईल खाली घेतला. त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. सिंधुबाईंनी उशीवरची मान जरा वळवली.

"मग थांबलीस कशाला?" त्या म्हणाल्या. "दाब की."