लाइन पाहून येतो

सकाळपासून मोबाइल एकदाही वाजला नव्हता, आणि हे सोनिकाच्या लक्षात यायला दुपार व्हावी लागली. आमगावच्या घराचं फाटक उघडलं की गोंदियात तिच्या मोबाइलवर निरोप येतो. राइस मिलच्या ऑफिसात बसून तिचं अर्धं लक्ष त्या निरोपांकडेच असायचं. आज हिशेबाच्या गर्दीत ते सुटलं, आणि पाहते तर एकही निरोप नाही. मग दूधवाला काय भिंतीवरून उडी मारून आला?

तिनं अॅप उघडलं. फाटकावरचा कॅमेरा बंद, सेन्सरही बंद.

हे सगळं बसवलं होतं सासऱ्यांसाठी. शिवलालजींची आठवण दोन वर्षांपासून दगा देत होती. फाटकाबाहेर पडले की परतीचा रस्ता विसरायचे. कुलूप लावलं तर घर डोक्यावर घ्यायचे. आणि घरापासून हाकेच्या अंतरावर, गल्ली संपते तिथं, रेल्वेचे रूळ.

तिनं सासूबाईंना फोन लावला. तुलसाबाईंनी नेहमीप्रमाणे स्पीकर चालू केला. सगळ्या घराला ऐकवल्याशिवाय त्यांना फोन केल्यासारखं वाटतच नसे.

“आई, लाइन हाय का? जरा लाइन पाहा न!”

“लाइन हाय ना वो. पंखा फिरून राह्यला.”

“ती लाइन नाही, वायफायची! बाबूजी कोठी हायेत?”

“हे काय, छपरीत माझ्या बाजूलेच बसले. तू काऊन एवढी घाबरून राह्यली?”

“आतल्या खोलीत जा आन् डब्ब्यावर हिरवी बत्ती हाय का सांगा. कोणी तरी लाइन पाहा न, आई!”

तुलसाबाई गुडघ्यांना शिव्या देत उठल्या. आतून त्यांचा आवाज आला, “हिरवी हाय. काल सांजेले तो पोट्टा नवा डब्बा लावून गेला ना, त्याची चांगली चमकून राह्यली.”

नवा डबा! सोनिकानं कपाळावर हात मारून घेतला. नवा राऊटर म्हणजे वायफायचं नाव नवं, पासवर्ड नवा. कॅमेरा आणि सेन्सर बिचारे अजून जुनंच नाव शोधत बसलेले. आणि काल डबा बदलला हे सांगायची घरात कुणाला गरज वाटली नव्हती.

तरी इलाज सोपा होता. नव्या डब्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की दोन्ही यंत्रं आपसूक जोडली जाणार. वायफाय कंपनीच्या अॅपमधून हे इथूनही करता येत होतं. तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, वाट पाहिली. कॅमेरा बंद तो बंदच.

“सोनिका,” तुलसाबाई बाहेरच्या छपरीत परतल्या होत्या. “हे नाहीत इथं.”

“नाहीत म्हणजे?”

“मी आत जाताना हे म्हणत होते, लाइन पाहून येतो. मले वाटलं मीटरकडे गेले. मीटरपाशी बी नाहीत. बाई वो, फाटक उघडं हाय!”

सोनिका ताडकन खुर्चीतून उठली. सासूबाईंना लाइन म्हणजे वीज, तिला लाइन म्हणजे इंटरनेट. आणि बाबूजींना? जन्मभर ज्या माणसानं धानाच्या बांधीत, शेतावर जाण्यासाठी रेल्वे ओलांडली, त्याला लाइन म्हणजे एकच. तिनंच त्यांना पाठवलं होतं. स्पीकरवरून, ओरडून ओरडून.

“आई, लाइनवर गेले ते! रुळांकडे! कोणाले तरी आवाज द्या!”

“कोण हाय गल्लीत? सारे बांधीत धानाच्या रोवण्याले गेले न!” तुलसाबाई रडायलाच लागल्या. त्या गुडघ्यांनी त्या फाटकापर्यंत पोचल्या तरी पुष्कळ.

सोनिका जुना पासवर्ड पुन्हा वाचू लागली. इंग्रजीत लिहिलेल्या शिवलालमधलं पहिलं अक्षर! यंत्रं बसवताना नवऱ्यानं ते कॅपिटल ठेवलं होतं, तिनं स्मॉल टाकलं होतं. तिनं ते बदललं. चकती फिरत राहिली, फिरत राहिली, आणि एकदम कॅमेरा लागला.

उघडं फाटक, रिकामी गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला पांढरा सदरा. पुढं चढण, मग रूळ.

कॅमेऱ्याला बोलायचा भोंगाही होता, इथून बोललेलं गल्लीभर ऐकू जायचं. तिनं बटण दाबलं. “बाबूजी, थांबा!”

सदरा चालतच राहिला. दुरून मालगाडीची शिटी ऐकू आली.

“बाबूजी, नका जाऊ! मागं या!”

काही नाही. थांबा, नका जाऊ, बसा. दोन वर्षं हेच ऐकून त्यांचे कान किटले होते. मग तिला सुचलं, कसं ते देव जाणे.

“बाबूजी, लाइन कशी हाय? मले येऊन सांगा न लवकर!”

सदरा थांबला. वळला. एकेक पाऊल टाकत बाबूजी परत येऊ लागले, आणि त्यांच्या पाठीमागून मालगाडी धडधडत गेली, डब्यामागून डबे, संपेचना. सोनिका ऑफिसातच हमसून रडू लागली. तिला कुणाची लाज वाटली नाही.

बाबूजी फाटकाशी आले. तुलसाबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले. एवढा उजळलेला चेहरा सोनिकानं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

“लाइन ठीक हाय, बेटा. गाडी गेली पाहा आताच.”

“हो, बाबूजी.”

“तू काम सांगितलं, म्हणून गेलो. मले कोणी काही सांगतच नाही.” ते जरा पुढं झाले. “उद्या बी पाहून येऊ का?”

तुलसाबाई मागून मान हलवत होत्या, नाही म्हण, नाही म्हण. सोनिकाला ते दिसत होतं. तिचं बोट बटणावर होतं, बाबूजी उत्तराची वाट पाहत होते, आणि तिच्यानं नाही म्हणवेना.